गॅरेजमध्ये आली की नीट

कशालाच काही झालेलं नाही, असं एसीवाला म्हणाला आणि तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिने चटकन मान खाली घातली आणि पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. गाडी नीट आहे एवढं ऐकून माणसाच्या चेहऱ्यावर जेवढं यावं त्यापेक्षा जास्त काहीतरी आपल्या चेहऱ्यावर आलंय, हे तिला कळलं होतं. एसीवाला बॉनेटखाली वाकलेला होता. दाब मोजायच्या गेजच्या निळ्या-लाल नळ्या गाडीच्या पोटातून बाहेर आल्या होत्या आणि दोन्ही काटे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, शहाण्या मुलांसारखे जागच्या जागी होते. मग त्याने मनगटाची आतली बाजू एका जाड पाइपला टेकवली आणि तिला म्हणाला, तुम्हीपण लावून बघा. तिने लावलं. दूध बाटलीत भरल्यावर ज्या जागेवर ती थेंब टाकून बघायची नेमकी तीच जागा. पाइप गारेगार होता, घाम आल्यासारखा ओला. दूध बघताना ती दोनदा बघायची, कधी तिसऱ्यांदाही. इथेही तिने हात काढून पुन्हा लावला. “अशीच गार करत राहिली तर बर्फ पडेल एखाद दिवशी,” एसीवाला म्हणाला आणि आपल्याच विनोदावर पोटभर हसला.

ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्याने गॅस भरून दिला होता. दुसऱ्या खेपेला डॅशबोर्डच्या मागून काळाकुट्ट फिल्टर काढून, उंदीर शेपटीने धरावा तसा तिच्यासमोर धरला होता, हा बघा तुमचा चोर म्हणून. दोन्ही वेळा ती समाधानाने घरी गेली होती, आणि दोन्ही वेळा चार दिवसांत पुन्हा तेच. कधी होतं, असं त्याने अगदी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, सगळ्यांना विचारतो तसं, पाना शोधता शोधता. बराच वेळ फिरलं की, ती म्हणाली होती. मग आणखी नेमकं सांगावं म्हणून म्हणाली, सगळं शांत झालं की. त्याने पान्यावरून नजर वर केली. शांत झालं की म्हणजे, असं तो विचारणार तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली, आणि ते तिथेच राहिलं. बरंच झालं. तिला सांगता आलं नसतं.

कारण सांगायचं तर दुपारपासून सांगावं लागलं असतं. बाळ दुपारी पाळण्यात झोपत नसे. मांडीवर नाही, खांद्यावर नाही, अंगाईने तर नाहीच. अंगाई सुरू झाली की तो डोळे मोठे करून बघत बसे, ही बाई आता काय करणार म्हणून. झोपे ते फक्त गाडीत. म्हणून रोज दुपारी ती त्याला मागच्या सीटवरच्या त्याच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधून गाडी बाहेर काढी आणि कुठेच न जाता फिरत राही. बँकेच्या चौकातून डावीकडे, शाळेच्या लांबलचक भिंतीपाशी, पाण्याच्या टाकीला वळसा, दवाखाना, पुन्हा बँक. नवरा म्हणे, लोक गाडीने कुठेतरी जातात, आमच्याकडे गाडी म्हणजे पाळणा आहे, वरून रजिस्ट्रेशन केलेला. बाळासाठी म्हणून खरेदी केलेला छोटा आरसा मागच्या सीटला बांधलेला होता, आणि समोरच्या आरशातून त्या आरशात बघितलं की बाळाचं तोंड दिसायचं, एवढंसं, आरशातल्या आरशात. तोंड दिसे. छाती दिसत नसे. आधी तो हुंकारत असे, मग चोखणी चोखल्याचा आवाज, मग तोही नाही. मग फक्त एसीची घरघर आणि ब्लोअरचा वारा. आणि मग केव्हातरी, ती टाकीपाशी असो की शाळेपाशी, वारा पडे. एकदम नाही. कुणीतरी बोलता बोलता विषय सोडून द्यावा तसा. हाताला लागणारी झुळूक आधी बोटांवर राही, मग नखांवर, मग नाही. उरे ती उबट, कोंदट, बंद खोलीची हवा. आणि त्या शांततेत तिची नजर आरशात जाई, आणि आरशातलं तोंड फार स्वस्थ असे.

ती गाडी बाजूला घेई, इंजिन बंद करी, उतरून मागचं दार उघडी आणि बाळाच्या छातीवर हात ठेवी. कधी छाती हलत असे. कधी हलत नसे. म्हणजे हलत नसे असं तिला वाटे; हात ठेवून ती वाट बघे, रस्त्यावरून माणसं जात, कुणी मागे वळून बघे, आणि मग बाळ एकदम, विसरलेलं काही आठवल्यासारखं, खोल श्वास घेई. आणि मग पुढचे सगळे नेमस्त, एकामागून एक. ती थोडा वेळ तशीच उन्हात उभी राही. पुन्हा गाडीत बसून चावी फिरवली की एसी थंडगार. जणू मधे काही घडलंच नव्हतं. तेव्हा तिला उमगेना की आधी काय झालं. वारा पडला म्हणून तिने आरशात बघितलं, की आरशात काहीतरी बघितल्यामुळे तिला वाटलं की वारा पडला?

मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं तर बाळाने त्यांच्या स्टेथोस्कोपला अडकवलेलं कापडी माकड पकडून तोंडात घातलं आणि सोडीना. डॉक्टर हसले, नवरा हसला. छाती ऐकून, पाठ ऐकून, डॉक्टर म्हणाले ठणठणीत आहे. मग चष्मा काढून त्यांनी तिलाच विचारलं, तुम्ही किती झोपता? ती म्हणाली, झोपते. नवऱ्याने ज्या तऱ्हेने छताकडे पाहिलं त्यावरून डॉक्टरांना हवं ते कळलं. नवऱ्याला तिने फोनवर चित्रीकरणही करून दाखवलं होतं. त्यात पांघरुणावरची बदकं दिसत आणि सावली. “हा बघ, इथे श्वास घेतला,” नवरा म्हणाला. “नाही, तो फोन हलला.” “बरं, मग हा.” तो चिडला नव्हता. तो चिडला असता तर भांडता तरी आलं असतं. एकदा तर शेजारी बसून बाळाकडे बघत राहीन म्हणाला, आणि बसलाही. थोड्या वेळाने तिने पाहिलं तर दोघांचे श्वास एका तालात चालले होते, बापाचा घोरत आणि लेकाचा गुपचूप.

सासूबाई महिन्यापूर्वी आल्या होत्या, मदतीला म्हणून. ऐन उकाड्यात त्या बाळासाठी स्वेटर विणत होत्या, आणि कुणी हसलं तर म्हणत, थंडी काय मला विचारून येणार आहे? वाईट नव्हत्या. बाळाला तेल लावून अंघोळ घालावी तर त्यांनीच. पण तिने छातीवर हात ठेवला की त्यांच्या सुया क्षणभर थांबत आणि त्या म्हणत, मन चिंती ते वैरी न चिंती. दर वेळी तेच. रविवारी त्या परत जाणार होत्या, आणि बाळाला थोडे दिवस सोबत न्यायचं असं ठरत आलं होतं. थोडे म्हणजे किती, ते कुणी बोललं नव्हतं. तू झोप, खा, जरा माणसात ये, असं सगळे म्हणत. बाटलीचं दूध तो घेतच होता. अडचण अशी काहीच नव्हती, तिच्या नाही म्हणण्याखेरीज.

काल संध्याकाळी बाटल्या पुसत नवरा म्हणाला होता, जा, तिसऱ्यांदाही जा त्या गाडीला घेऊन. पण तोही नाही म्हणाला तर? तर तू म्हणशील ते, ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय कबूल केलंय. आणि रात्रभर त्याच्यावर विचार करता करता पहाटे जे लक्षात आलं ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. एसीवाला नाही म्हणाला तर बाळ जाईल. घर रिकामं होईल, छाती दुधाने दुखेल, सगळं मान्य. पण एसीवाला नाही म्हणाला तर याचा अर्थ असा होईल की जे होतं ते तिच्या हाताला होतं, तिच्या डोक्यात होतं. वारा कधी पडलाच नव्हता आणि श्वासही कधी थांबला नव्हता. बिघाड एकच, आणि तो तिच्यात. बाळ चांगलं. बाळ आज्जीच्या मांडीवर चांगलं, थंडीतल्या स्वेटरमध्ये चांगलं. एवढ्यासाठी ती वेडी ठरायलाही तयार होती.

म्हणून तिला बरं वाटलं. “मग निघू मी?” तिने विचारलं. इथेच तिने गप्प राहून निघायला हवं होतं. पण एसीवाल्याला आपल्या कामावर शंका घेतलेली खपत नसावी, किंवा तिसऱ्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला चौथ्यांदा बघायची त्याची इच्छा नसावी. तसं नाही मॅडम, तो म्हणाला, उगाच मनात ठेवून जाऊ नका. आत बसा, चालू ठेवा, मी तिकडच्या गाडीचं काम संपवतो तोवर. काही वाटलं तर हॉर्न द्या. त्याने गेजच्या नळ्या काढल्या, बॉनेट टेकवलं आणि तो गेला. नाही कसं म्हणणार? ती बसली. काचा वर. बाहेर कुणीतरी पत्रा ठोकत होतं, तो आवाज आत येईपर्यंत मऊ होत होता. हवा दमट होती, भिंतींना ओल सुटेल अशी. समोरच्या आरशात मागचा आरसा, त्यात बाळाची रिकामी खुर्ची, लोंबणाऱ्या पट्ट्या. तिने नजर काढून घेतली.

हातावर विसंबायचं नाही, असं तिने ठरवलं. पर्समध्ये बाळाचं लाळेरं होतं, दुधाचा आंबूस वास येणारं. ते तिने एसीच्या जाळीला अडकवलं, असं की त्याची एक नाडी वाऱ्यात राहील. नाडी फडफडायला लागली. अशीच राहू दे, तिने मनात म्हटलं. कुणाला म्हटलं ते तिला सांगता आलं नसतं. कॉलेजात प्रयोगशाळेत असंच व्हायचं. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचं आणि खालच्या द्रावणाला अगदी फिकट, असून नसल्यासारखा गुलाबी रंग आला की थांबायचं. तिला तो सगळ्यांच्या आधी दिसे. पण ती थांबत नसे. शेजारच्या मुलीला विचारी, तुला दिसतोय का गं? ती मुलगी म्हणे, कुठे, मला तर पांढरंच दिसतंय. मग आणखी एक थेंब, आणखी एक, आणि एकदम भडक गुलाबी, सगळ्यांना दिसणारा, चुकीचा. परीक्षेतही बरोबर लिहिलेली उत्तरं खोडून ती चुकीची लिही. मैत्रिणी तिला खोडरबर म्हणत. लग्नात एकीने रबराचा अख्खा डबा भेट दिला होता, आणि नवऱ्याला त्यातला विनोद समजावून सांगावा लागला होता. तो म्हणाला होता, चला, म्हणजे भांडण झालं तर पुसता येईल.

नाडी फडफडत होती. एसीवाला तिकडे दुसऱ्या गाडीखाली गेला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते, एका चपलेचा अंगठा तुटलेला. तिला झोप येत होती, खरी झोप, कित्येक आठवड्यांत न आलेली. आत्ता घरी बाळ उठलं असेल. नसेल. इथे गार होतं, आणि गाडी जागच्या जागी होती, आणि मागे कुणी नव्हतं ज्याच्याकडे बघायचं. रविवारनंतर असंच असेल का सगळं? तिने डोळे मिटले असावेत. कारण डोळे उघडले तेव्हा तिला वाटलं की नाडी जरा खाली आलीय. आली नसेल. मघाशी कुठे होती ते तिने नीट पाहिलं नव्हतं. आता ती नीट बघू लागली. नाडी हलत होती, पण तिचं हलणं आळसावलं होतं. टोक उचललं जाई आणि पडे, उचललं जाई, आणि थोड्या वेळाने पडे. तुला दिसतोय का गं? शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं. तिने ब्लोअर वाढवला. आवाज मोठा झाला, दाराबाहेर कुणी धापा टाकत उभं असावं तसा, पण वारा वाढला नाही. नाडी जाळीवरून सरळ खाली लोंबू लागली. एकदा टोक थरथरलं. मग तेही नाही. मानेवर उबट हवा जमली आणि तिला तो वास आला, दुपारचा, शाळेच्या भिंतीपाशी येणारा, बंद खोलीचा.

इतकं स्पष्ट तिने आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. तिचा हात पुढे झाला आणि बोट एसीच्या बटणावर गेलं. बंद करायचं. एवढंच. थोडा वेळ बंद ठेवलं की पुन्हा गार होईल, नेहमीसारखं, आणि एसीवाला चपला फटकारत येऊन विचारेल, काय मॅडम? आणि ती म्हणेल काही नाही, छान आहे, माझंच काहीतरी. रविवारी बॅग भरेल. बाळ चांगलं असेल. बोट बटणावर होतं आणि बटण गरम नव्हतं की गार नव्हतं. आरशात, आरशातल्या आरशात, खुर्चीच्या पट्ट्या लोंबत होत्या, नाडीसारख्याच, न हलता. हॉर्न वाजला तेव्हा ती दचकली. खूप वेळ वाजत होता. आपण दाबला की दाबला गेला, हे तिला नंतरही नीट आठवेना. दुसरा हात मात्र चाकावर होता.

एसीवाला हात पुसत आला, जाळीसमोर हात धरला, मग दुसरा धरला. मग त्याने बॉनेट उघडलं आणि तिला हाक मारली. मघाशी जिथे त्यांनी मनगटं लावली होती तो पाइप पांढरा झाला होता. वर बर्फाची साय आली होती, नखाने खरवडता येईल अशी. त्याने खरवडलीही. आत याच्याहून जास्त असेल, तो म्हणाला. हवा गार करणारी आतली कॉइल गोठलीय, बर्फाने वाराच अडवलाय. गार पुरे झालं, आता थांब, असं कॉम्प्रेसरला सांगणारा एक बारका सेन्सर असतो आत, तो गेलाय. मग हा करतोय आपला गार, करतोय आपला गार. आणि गाडी थांबली की बर्फ वितळतो, म्हणून माझ्याकडे आली की नीट. त्याने कपाळावर हात मारला, पण आनंदात होता. कोडं सुटलेल्या माणसासारखा. मी मघाशी गमतीत म्हणालो होतो, बर्फ पडेल म्हणून.

“पण दुसरं काही असू शकेल ना?” ती म्हणाली.

“दुसरं काय?”

“म्हणजे, आज हवा दमट आहे. एरवी होतही नसेल. मला भास…”

“भास कसला, समोर बर्फ दिसतोय,” एसीवाला म्हणाला, आणि आता तोच गोंधळून तिच्याकडे बघू लागला. “तुमचं बरोबर होतं मॅडम. पहिल्यापासून बरोबर होतं. चालू ठेवून बसल्याशिवाय हे सापडत नाही, आणि एवढा वेळ बसायला असतो कुणाला?” गाडी ठेवून जा, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, उद्या संध्याकाळी मिळेल, असं तो पुढे सांगत होता. तिने मान हलवली. पाइपवरच्या बर्फाला पाणी सुटलं होतं. ती गेली असती आणि थोड्याच वेळात आली असती, तर इथे काहीही नसतं.

टॅक्सीत नवऱ्याचा फोन आला. काय म्हणाला तुझा संशोधक? सापडलं, ती म्हणाली. पलीकडून तो मोकळेपणाने म्हणाला, घे, म्हणजे तू जिंकलीस. त्याच्या आवाजात खरंच कौतुक होतं. तिने नाक ओढलं, तर तो म्हणाला, काय गं, रडतेस की काय, गाडीच आहे. टॅक्सीच्या काचा खाली होत्या आणि तोंडावर गरम वारा थाडथाड येत होता, न पडणारा.

घरी बाळ नुकतंच झोपलं होतं, आश्चर्य म्हणजे गादीवरच. सासूबाई शेजारच्या खुर्चीत विणत होत्या; ओठावर बोट ठेवून त्यांनी तिला आवाज न करण्याची खूण केली, जरा अभिमानाने. गाडीचं काय, त्यांनी कुजबुजत विचारलं. खराबच होती म्हणे, असं तिने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, चला, सापडलं ना, आता तरी जिवाला स्वस्थता लागू दे. ती चपला काढून गादीपाशी खाली बसली. मग म्हणाली, “आई, माझ्याशेजारी खाली बसता? तो उठेपर्यंत. काही बोलू नका, माझी समजूत घालू नका. नुसत्या बसा.”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मन चिंती ते, एवढं त्यांच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं, आणि तिथेच राहिलं. गुडघ्यावर हात ठेवून, आई गं म्हणत त्या खाली बसल्या, विणकाम मांडीवर घेऊन. तिने त्यांचा डावा हात धरून बाळाच्या छातीवर ठेवला. मग मी विणू कशी, त्या म्हणाल्या, म्हणून तिने त्यांना इतकं जवळ सरकवलं की त्यांचा गुडघा बाळाच्या कुशीला लागून राहिला, आणि नजर तर तिथेच होती. सुया चालू झाल्या. खिडकीचा पडदा फुगे आणि बसे. बाळाची छाती फुगे आणि बसे. काहीच होत नव्हतं, आणि होत नव्हतं म्हणून तिच्या आत हळूहळू काहीतरी सैल होत होतं. गाडी ती गाडी, बाळ ते बाळ, एकाचा दुसऱ्याशी काय संबंध. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी जिन्याची किल्ली मागत होतं. सासूबाईंनी पाय बदलला, एकदा घड्याळाकडे पाहिलं, आणि उठायच्या बेतात जमिनीवर तळवा टेकला. अजून थोडं बसा, ती म्हणाली. त्या बसल्या. बाळाच्या तोंडातून चोखणी गळून पडली. ओठ थोडे उघडे राहिले. खोलीत फार शांत झालं, कारण सुया थांबल्या होत्या.

तिने बाळाकडे पाहिलं नाही. तिने सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्या बाळाकडे बघत होत्या, ओठ किंचित पुढे काढून, जणू त्याच्याऐवजी त्याच फुंकर घालणार होत्या. पडदा फुगला, बसला, पुन्हा फुगला. मग बाळाने खोल, घाईघाईने श्वास ओढला, एक मूठ उघडली, मिटली, आणि तो नेमाने श्वास घेऊ लागला. सुया सुरू झाल्या नाहीत. एका सुईवरून टाके ओघळत होते, एकामागून एक, आणि सासूबाईंना ते कळत नव्हतं. त्यांनी आपण होऊन हात पुढे केला आणि बाळाच्या छातीवर ठेवला, अगदी हलका, गरम भांड्याला हात लावावा तसा.

“तुम्हाला दिसलं?” तिने विचारलं. नाही म्हणा, असं तिच्या आवाजात होतं, आणि ते तिला स्वतःला ऐकू आलं.

हात तसाच ठेवून, तिच्याकडे न बघता, सासूबाईंनी विचारलं, “कधी होतं गं हे?”

“बराच वेळ झाला की,” ती म्हणाली. “सगळं शांत झालं की.” आणि उठून डॉक्टरांना लावायला फोन शोधू लागली.